उजेडावर मतदान

डॉ. आश्लेषा होटगीकर यांनी आयुष्यात बरेच पराभव पाहिले होते; पण प्रकाशसंश्लेषण बहुमताने नामंजूर झालेले त्या प्रथमच पाहत होत्या.

सोलापूरच्या वेशीबाहेरच्या ‘अमृतवेल’ वसाहतीची ती सर्वसाधारण सभा होती आणि विषय एकच होता : अंगणातल्या शैवालस्तंभांचे दिवे काढून तिथे हिरवे दिवे बसवणे. ठराव मांडला अध्यक्ष म्हमाणे यांनी. अनुमोदन दिले महिला मंडळाच्या अध्यक्षा उज्ज्वला यांनी, म्हणजे आश्लेषाबाईंच्या सख्ख्या नणंदेने. हात इतक्या तत्परतेने वर गेले, की मोजण्याची औपचारिकताही कुणी केली नाही.

“मॅडम, आता तुम्ही बोला की,” म्हमाणे म्हणाले. “तज्ज्ञाचं मत ऐकूनच करायचंय आपल्याला.”

“हात वर होऊन खाली आले, म्हमाणेसाहेब. आता ऐकून काय करणार?”

“तसं नव्हं ओ. इतिवृत्तात असलेलं बरं असतंय.”

तेव्हा इतिवृत्तात असावे म्हणून आश्लेषाबाई बोलल्या. ज्या विषयावर त्यांनी तीस वर्षे खर्ची घातली होती, तो त्यांनी लहान मुलाला सांगावा इतका सोपा करून सांगितला आणि सांगताना आपण कुणाचा अपमान करत आहोत, स्वतःचा की समोरच्यांचा, हे त्यांना ठरवता येईना.

धरणाचे पाणी शहराला पुरेनासे झाले तेव्हा प्रत्येक मोठ्या वसाहतीने आपले सांडपाणी आपणच स्वच्छ करून पुन्हा वापरावे, असा नियम झाला होता. ‘अमृतवेल’मध्ये हे काम अंगणातले बारा काचेचे स्तंभ करत. प्रत्येक स्तंभात नुसत्या डोळ्यांना न दिसणारे, एकाच पेशीचे शैवाल होते. ते सांडपाण्यातला अमोनिया आणि फॉस्फेट खाई आणि ऑक्सिजन सोडी. त्या ऑक्सिजनवर जिवाणू जगत आणि उरलेली घाण फस्त करत. जिवाणूंनी सोडलेला कार्बन डाय-ऑक्साइड पुन्हा शैवालाच्या कामी येई. एकमेकांच्या उच्छ्वासावर चाललेला असा हा संसार होता आणि बहुतेक संसारांपेक्षा बरा चालला होता. त्याला बाहेरून हवा होता फक्त उजेड.

अडचण उजेडाचीच होती. शैवाल जसजसे दाट होते तसतसे ते स्वतःचाच उजेड अडवते. काचेलगतच्या चार बोटांत सारे ऊन संपते आणि मधले जीव अंधारात उपाशी राहतात. त्यातून चार उंच इमारतींच्या मधल्या या अंगणात ऊन उतरे ते केवळ भर दुपारी, थोडा वेळ. म्हणून स्तंभांच्या पोटात दिवे होते. ते तांबडे आणि निळे होते, कारण हरितद्रव्य मुख्यतः हेच दोन रंग पिते. हिरव्याचा मोठा भाग ते परत टाकते, आणि तो परत टाकलेला उजेड आपल्या डोळ्यांत शिरतो म्हणून शैवाल आपल्याला हिरवे दिसते. दिवे सतत जळतही नसत. पेशीला एका वेळी थोडाच उजेड पचतो, जास्तीचा तिला भाजतो; म्हणून ते डोळ्यांना कळणार नाही इतक्या वेगाने उघडझाप करत आणि रात्री काही तास पूर्ण विश्रांती घेत.

“तुम्हाला जो हिरवा रंग दिसतो तो शैवालाची आवड नाही,” आश्लेषाबाई म्हणाल्या. “ते त्याचं उष्टं आहे. एखाद्याच्या ताटात काय उरलंय ते पाहायचं आणि जन्मभर त्याला तेच वाढत राहायचं, असा हा ठराव आहे.”

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणाले, “पण मॅडम, झाडंपण हिरवीच असतात की!”

टाळ्या पडल्या. आश्लेषाबाई खाली बसल्या.

या टाळ्यांमागचे कारण शैवालाशी संबंधित नव्हते. ते संक्रांतीच्या संध्याकाळी घडले होते.

तांबडा आणि निळा उजेड एकत्र झाला की दिवेलागणीनंतर सारे अंगण जांभळट गुलाबी दिसे. त्या उजेडात हिरवा अंश नावालाच असल्याने पिवळा रंग पिवळा दिसू शकत नाही. हळद त्यात तांबडी दिसते. कुंकू तांबडे असतेच. तेव्हा महिला मंडळाचे हळदीकुंकू ज्या वेळी अंगणात भरले, त्या वेळी चांदीच्या दोन वाट्यांत हुबेहूब सारख्या रंगाच्या दोन भुकट्या होत्या. गर्दी वाढली, वाट्या रिकाम्या झाल्या आणि कुणीतरी घाईने दोन्ही वाट्या हळदीच्याच पुडीतून भरल्या. वासावरून कळले असते. पण गुलाबपाणी आणि अत्तर यांच्यापुढे हळदीचे काय चालणार! उज्ज्वलाची नवी सून रेवा त्या वाट्या घेऊन उभी होती आणि मोठ्या निष्ठेने प्रत्येकीला हळदीवर हळद लावत होती.

हा प्रकार उघड झाला लिफ्टमध्ये. तिथला दिवा पांढरा होता. सात सवाष्णींनी एकमेकींकडे पाहिले आणि सातही कपाळांवर कुंकवाचा कण नव्हता.

वाट्या कुणी भरल्या, हे कुणी विचारले नाही. गुन्हेगार आधीच ठरला होता : अंगणातला उजेड.

“मामी, मी तर आता जन्मभर ‘पिवळी सून’,” रेवा दुसऱ्या दिवशी हसत सांगून गेली. “पण आई फार घाबरल्यात. बायका खाली काय काय बोलायल्यात, तुमच्या कानावर आलंय ना?”

“काय बोलतात?”

रेवाचे हसू मावळले. “जाऊ द्या. मूर्खपणा आहे.”

मूर्खपणा कोणता, ते सभेनंतर जिन्यात उज्ज्वलाने सांगितले. सांगताना ती जिन्याच्या कठड्याकडे पाहत होती.

“वहिनी, राग मानू नका. बायका म्हणतात, दादा गेल्यावर तुमचं कुंकू पुसलं, म्हणून तुम्ही असला उजेड शोधून काढलात. सगळ्यांचीच कपाळं सारखी करणारा.”

आश्लेषाबाईंना प्रथम हसू आले. त्यांचे यजमान दिवाकर जाऊन तीन वर्षे झाली होती; स्तंभांचा आराखडा त्याच्या कितीतरी आधीचा होता आणि त्यांतले शैवालाचे पहिले विरजण दिवाकरांनी स्वतःच्या हाताने ओतले होते. पण अफवेला तारखांचे वावडे असते.

“आणि तू काय म्हणालीस त्यांना?”

“मी काय म्हणणार?” उज्ज्वला म्हणाली. “मी अनुमोदन दिलं. नाहीतर म्हणाल्या असत्या, घरचीच आहे.”

हिरवे दिवे बसले. पुरवठादाराने उत्साहाच्या भरात ते रात्रभर, अखंड आणि पूर्ण तेजाने चालू ठेवले. अंगण खेळण्यातल्या बागेसारखे दिसू लागले. जाणारे-येणारे थांबून छायाचित्रे काढत. याच उजेडात पुढच्या आठवड्यात दुसरे हळदीकुंकू झाले. हिरव्या उजेडात तांबडा रंग काळा दिसतो, त्यामुळे त्या संध्याकाळी प्रत्येक सवाष्णीच्या कपाळावर काजळाचा ठिपका होता. त्याबद्दल एकही तक्रार आली नाही. तो उजेड बहुमताने निवडलेला होता.

स्तंभांची तक्रार मात्र सुरू झाली. थंडीचे लहान दिवस, दुपारचे जेमतेम ऊन आणि संध्याकाळी, जेव्हा साऱ्या घरांतून आंघोळीचे, भांड्यांचे, संडासाचे पाणी एकदम खाली येई, तेव्हा शैवालापुढे हे हिरवे उष्टे. त्यातला काही अंश त्याला खपतो, हे आश्लेषाबाईंना मान्य होते. सगळ्या वसाहतीची घाण खपवण्याइतका मात्र नाही. ऑक्सिजन घटला. जिवाणू गुदमरले आणि त्यांच्या जागी ऑक्सिजनावाचून जगणारे दुसरे जिवाणू आले. त्यांच्यामुळे सडक्या अंड्यांचा वास सुटतो. तळाशी करडा गाळ साचू लागला. पाचूसारखे स्तंभ आधी शेवाळी, मग खाकी झाले.

“खत व्हायला आलंय बहुतेक,” म्हमाणे नाकाला रुमाल लावून म्हणाले.

“ते मरायला आलंय, म्हमाणेसाहेब. दिवे आज बदला. जुने दिवे भांडारात आहेत, एका तासाचं काम आहे.”

“असं कसं करता येईल ओ? सभेचा ठराव आहे. सभेचा ठराव सभाच रद्द करू शकती.”

“मग सभा बोलवा.”

“बोलवतो की. रथसप्तमीचा रविवार धरू. पण मॅडम, बायकाच जास्ती असतात सभेला. आणि बायका तुमच्यावर…” त्यांनी वाक्य रुमालात गुंडाळले.

बाहेर जाणाऱ्या नळावर प्रदूषण नियंत्रण मंडळाचे मापनयंत्र होते. अमोनिया मर्यादेपलीकडे टिकून राहिला, तर ते वसाहतीची मुख्य झडप आपोआप बंद करी. त्या यंत्राशी ओळख काढता येत नव्हती, त्याला चहा पाजता येत नव्हता. झडप बंद झाली की सांडपाणी आल्या वाटेने परत घरांत शिरणार. आणि स्तंभांतले शैवाल एकदा मेले की ते पुन्हा इतके दाट व्हायला दीड-दोन महिने लागणार. आश्लेषाबाईंनी आलेख काढला. त्याची रेघ रथसप्तमीनंतरच्या सोमवारी मर्यादा ओलांडत होती. तो आलेख त्यांनी चारही इमारतींच्या फलकांवर लावला. एका फलकावर त्याच्यावरच भजनाच्या कार्यक्रमाचा कागद चिकटवलेला दुसऱ्या दिवशी त्यांना दिसला.

शनिवारी दुपारी उज्ज्वला आली. हातात तिळाच्या वड्यांचा डबा होता, म्हणजे बोलणे अवघड असणार.

“वहिनी, मी एक तोड काढली आहे. ऐका आणि मध्ये बोलू नका.”

“बोल.”

“उद्याची सभा संध्याकाळी ठेवायची. त्याआधी चाचणी म्हणून तासभर जुने दिवे लावायचे आणि त्याच उजेडात शेवटचं हळदीकुंकू. तुम्ही यायचं. माझ्या शेजारी बसायचं. मी सगळ्यांसमोर तुम्हाला हळदीकुंकू लावते. अध्यक्षेनंच लावलं म्हटल्यावर कुणाची टाप आहे पुढं बोलायची? तुमच्या मनात काही नाही, हे दिसेल. बायका हात वर करतील. झालं.”

आश्लेषाबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. त्यांचा हळदीवर विश्वास नव्हता आणि कुंकवावरही नव्हता. दिवाकर असताना लहर आली तर त्या टिकली लावत आणि कामाच्या गडबडीत ती सूक्ष्मदर्शकाला चिकटलेली सापडे. तेव्हा जे आपल्याला कधी नकोच होते ते स्वीकारून आपले शैवाल वाचणार असेल, तर या व्यवहारात आपले जाते काय?

“तुला चालेल?” त्यांनी विचारले. “मला कुंकू लावायला?”

उज्ज्वलाने डब्याचे झाकण उघडले आणि पुन्हा लावले.

“त्याचंही बघितलंय मी. त्या उजेडात कुणाला काय कळतंय? मी दोन्ही वेळा हळदच लावीन. लोकांना वाटेल कुंकू. तुम्हालाही दोष नाही, मलाही नाही.”



“म्हणजे ज्या चुकीसाठी तुम्ही माझे दिवे काढलेत,” आश्लेषाबाई सावकाश म्हणाल्या, “तीच चूक आता तू मुद्दाम करणार.”

“चूक कसली! सोय आहे. वहिनी, तुम्हाला समजत नाही. दादाचा फोटो रोज पुसते मी. त्याच्या बायकोच्या कपाळाला मी कुंकू लावायचं म्हणजे… तो गेलाच नाही असं म्हटल्यासारखं होतं. किंवा गेला त्याचं काही नाही, असं. कुठलंही घ्या, मला जमायचं नाही.”

हे खरे होते. उज्ज्वला लबाड नव्हती आणि नेमका याचाच आश्लेषाबाईंना संताप आला. लबाड माणसाला उघडे पाडता येते. प्रेमापोटी अपमान करणाऱ्याला काय करायचे?

“मी लावून घेईन,” त्या म्हणाल्या. “पण दुपारी. बारानंतर अंगणात ऊन असतं तेव्हा. हळद पिवळी दिसेल, कुंकू लाल दिसेल आणि तू काय लावते आहेस ते सगळ्यांना दिसेल. सभा लगेच एक वाजता. दिवे लागतील ते सभेनंतर.”

“दुपारी कोण हळदीकुंकू करतं?”

“उद्या रविवार आहे, सगळ्या घरी आहेत. हीच गोष्ट संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी एकीला सुचली असती, तर स्तंभांना हात लावायची गरजच नव्हती. हळदीकुंकू उन्हात करा, शैवालाला शैवालाचा उजेड द्या. यासाठी पीएच.डी. लागत नाही.”

“वहिनी, हट्ट करू नका. संध्याकाळी तुमचे दिवे नक्की परत येतात. दुपारी माझा हात थांबला तर? तर सगळंच गेलं. सोमवारी झडप बंद.”

“हो. झडप बंद.”

“एवढा कसला अभिमान?”

विद्यार्थ्यांना त्या वर्षानुवर्षे बजावत आल्या होत्या, की प्रयोगशाळेत शिरताना अभिमान चपलांबरोबर बाहेर काढून ठेवावा. आता बारा स्तंभ मरणपंथाला लागले असताना त्या स्वतः चपला घालून आत उभ्या होत्या.

“वाटीत काय आहे हे लपवून मिळालेला निकाल मी कधी छापला नाही, उज्ज्वला. उद्या तुझ्या हळदीवर हात वर होतील. परवा कुणीतरी लिफ्टमध्ये माझं कपाळ पाहील. तेरवा पुन्हा हिरवे दिवे लागतील, आणि त्या वेळी लोकांचं म्हणणं खरं असेल, की होटगीकरबाईंनी आम्हाला फसवलं.”

उज्ज्वला उठली. दारात थांबून म्हणाली, “वड्या खा. गूळ जरा कमी पडलाय.” येईन किंवा येणार नाही, यातले काहीच तिने सांगितले नाही.

रथसप्तमीला दुपारी ऊन अंगणात उतरले तेव्हा बायका नाकाला पदर आणि ओढण्या लावून बसल्या होत्या. वास आता लपत नव्हता. खाकी स्तंभांतून अधूनमधून एखादा बुडबुडा नाइलाजाने वर येई. म्हमाणे सभेसाठी ध्वनिक्षेपक तपासत होते आणि त्यातून प्रत्येक वेळी शिट्टी निघत होती. आश्लेषाबाई खुर्चीवर बसल्या. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. मग रेवा आली आणि डावीकडची खुर्ची ओढून बसली.

“आई येतायत,” ती हळूच म्हणाली. “तासभर फोटोसमोर बसल्या होत्या. मी काही विचारलं नाही.”

उज्ज्वला वाट्या घेऊन आली. ती कुणाकडे न पाहता सरळ चालत आश्लेषाबाईंच्या पुढ्यात उभी राहिली. उन्हात एका वाटीतली हळद लख्ख पिवळी होती आणि दुसरीतले कुंकू इतके लाल, की त्याच्याकडे पाहवत नव्हते. कुजबुज थांबली. ध्वनिक्षेपकही, काही कारणाने, शिट्टी वाजवायचा थांबला.

हळद लागली. थंड, कोरडी.

मग उज्ज्वलाचे बोट दुसऱ्या वाटीत गेले आणि तिथेच राहिले. ‘नसेल जमत तर राहू दे’ असे म्हणणे आश्लेषाबाईंच्या अगदी ओठांवर आले. त्यांनी ते म्हटले नाही. स्तंभांकडे पाहिलेही नाही, कारण पाहिले असते तर त्यांनी ते म्हटले असते.

“दादा असता,” उज्ज्वला फक्त त्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, “तर म्हणाला असता, उजू, सांडपाण्यासाठी एवढं रडतेस?”

“हो,” आश्लेषाबाई म्हणाल्या. “आणि नंतर स्वतःच रडला असता.”

बोट वर आले. कपाळाला टेकले. जरा जास्तच दाबून.

म्हमाण्यांनी संधी साधली. “तर मंडळी, सभेची वेळ झालेली आहे. जुने दिवे पुन्हा बसवण्याचा ठराव…” त्यांचे वाक्य पुरे होण्याआधी हात वर गेले. बांगड्यांचे, घड्याळांचे, तिळगुळाच्या पुड्या धरलेले हात. तांबड्या उजेडाबद्दल कुणी विचारले नाही, अमोनियाबद्दल विचारले नाही, फलकावरच्या आलेखाची आठवण कुणाला झाली नाही. यापूर्वी जेवढ्या विचाराने शैवालाला मृत्युदंड दिला गेला होता, तेवढ्याच विचाराने तो माफ झाला. भांडाराची किल्ली हातात आली तेव्हा आश्लेषाबाईंना आनंद होण्याऐवजी एक थंडगार संताप वाटला. तीस वर्षांच्या संशोधनाला जे जमले नव्हते ते एका बोटाने केले होते. आणि हे बोट उद्या दुसरीकडे वळले, तर पुन्हा काय? पण स्तंभांना संध्याकाळपर्यंत दिवे हवे होते. हा राग त्यांना नंतरही करता येणार होता.

त्या किल्ली घेऊन वळल्या तेव्हा मागे उज्ज्वलाचा आवाज आला. “वहिनी.” त्या आवाजात घाबरल्यासारखे काहीतरी होते.

उज्ज्वलाच्या पुढ्यात चौथ्या मजल्यावरच्या शकुंतलाबाई अक्कलकोटे उभ्या होत्या. ऐंशी ओलांडलेल्या, वैधव्याला चाळीस वर्षे झालेल्या, अंगणातला कुठलाही समारंभ गॅलरीतून पाहणाऱ्या. काठी टेकत त्या केव्हा खाली आल्या, कुणी पाहिले नव्हते. त्यांच्यामागे ‘ब’ इमारतीतल्या दोघी विधवा उभ्या होत्या आणि त्यांच्यामागे आणखी एक, जिचे नावही आश्लेषाबाईंना ठाऊक नव्हते.

“काय ग पोरी,” शकुंतलाबाईंनी आश्लेषाबाईंच्या कपाळाकडे काठीने खूण केली, “आमचा नंबर लागतो का हितं, का त्याला पीएच.डी. लागती?”

सवाष्णींच्या रांगेत हालचाल झाली. एक-दोघी उठून उभ्या राहिल्या. म्हमाण्यांनी आकाशाकडे पाहिले.

“वहिनी, हे ठरलं नव्हतं,” उज्ज्वला म्हणाली. दोन्ही वाट्या तिने छातीशी धरल्या होत्या.

खरोखरच ठरले नव्हते. आश्लेषाबाईंनी फक्त बारा स्तंभांचा हिशेब केला होता. या चार बायका त्यांच्या कुठल्याच आलेखात नव्हत्या, आणि हे लक्षात येताच त्यांना प्रथमच स्वतःचा राग आला. ‘ड’ इमारतीची सावली अंगणाच्या कडेवरून आत सरकली होती आणि शकुंतलाबाईंच्या काठीपासून फारशी दूर नव्हती.

“आटप, उज्ज्वला,” आश्लेषाबाई म्हणाल्या. “ऊन सरकतंय.”